ग्रंथपालाचा तास



अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून रुजू होणाऱ्या व्यक्तीने आरंभीच मनाशी पक्के करावे, की हे पद अध्यापनाचे आहे. वेळापत्रकात तसा तास नसला, तरी विद्यार्थी संदर्भ विचारायला समोर येतो तेव्हा तास सुरू झालेला असतो. माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, पारखणे आणि उगमाचा उल्लेख करून वापरणे या क्षमतेला ग्रंथालयशास्त्रात माहिती साक्षरता म्हणतात. वर्षारंभीच्या परिचय-व्याख्यानाने ती येत नाही, कारण त्या वेळी विद्यार्थ्यापुढे शोधण्याजोगा प्रश्नच नसतो.

म्हणून प्रकल्पाचे विषय ठरण्यापूर्वीच ग्रंथपालाने विषयशिक्षकांशी बोलून घ्यावे. भूगोल विभागाने जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाच्या पाणलोट विकासावर प्रकल्प दिला, तर मोबाइलवर प्रथम हाती येतात ते बहुधा गौरवपर लेख, आणि विद्यार्थी तेच उतरवून घेतो. अशा वेळी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा याच जिल्ह्यावरील १८८४ चा सतरावा खंड त्याच्यापुढे ठेवावा, म्हणजे पर्जन्य, पिके आणि दुष्काळ यांची जुनी स्थिती त्याला कळेल; त्याच्या जोडीला २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका द्यावी; आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासह देशातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध जेथे साठवले जातात, ते कृषिकोश नावाचे डिजिटल भांडार उघडून दाखवावे. मग आकडा कोणी मोजला, केव्हा मोजला आणि लेख मोजमापासाठी लिहिला की कौतुकासाठी, हे प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतो. शोधशब्दांचा धडाही येथेच द्यावा: जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे बदलल्यामुळे जुनी सामग्री अहमदनगर या नावाखाली आणि नवी अहिल्यानगर या नावाखाली सापडते, शिवाय जुन्या गॅझेटियरमधील इंग्रजी स्पेलिंग आजच्या रूढ स्पेलिंगपेक्षा वेगळे आहे; एकाच नावाने शोधणाऱ्याला अर्धेच साहित्य मिळते.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. त्याचा अर्थ मागितलेले पुस्तक चटकन हाती देणे एवढाच घेतला, तर आजची दहा मिनिटे वाचतात आणि विद्यार्थी पुढच्या सत्रातही तितकाच परावलंबी राहतो. म्हणून ओपॅक, म्हणजे संगणकावरील ग्रंथसूची, त्याच्याच हाताने चालवून घ्यावी आणि ग्रंथपालाने शेजारी उभे राहावे.

या जिल्ह्यात आणखी एक जबाबदारी येते, आणि ती सर्वांत मोलाची मानावी. पाथर्डी-शेवगावकडील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात; त्यांतील विद्यार्थ्यांना बीटी कार्डावरील, म्हणजे पुस्तक घरी नेण्याच्या कार्डावरील, सात दिवसांची मुदत निरुपयोगी ठरते. ग्रंथालय समितीपुढे प्रस्ताव ठेवून त्यांना पुस्तकपेढीचा संच संपूर्ण सत्रासाठी देता येतो. महाविद्यालय एन-लिस्टचे, म्हणजे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत मिळणाऱ्या ई-पुस्तके व नियतकालिकांच्या योजनेचे, सभासद असेल, तर त्या विद्यार्थ्यांचे लॉगिन ते गाव सोडण्यापूर्वी सुरू करून द्यावे, आणि त्यांच्याच मोबाइलवर एक लेख त्यांच्याकडूनच उघडून घ्यावा.