तुऱ्याची भाषा

राघू कोणाला ठाऊक नाही? धान पिवळे पडू लागले की थवाच्या थवा बांधीत उतरतो. लोंब्या कुरतडतो. खातो थोडे, सांडतो फार. आपण हाकलतो, शिव्या देतो. आणि तरी घरात एक राघू असावा, त्याने ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणावे, ही हौसही आपलीच.

ही हौस जंगलाला महाग पडते. राघू काड्यांचे घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. कोणी झाडावर चढतो, ढोलीत हात घालतो आणि पंख न फुटलेली पिल्ले काढून आणतो. हात जात नसला तर कुऱ्हाडीने ढोली फोडतो. मग ती ढोली कायमची गेली. पिल्लांतलीही कित्येक बाजार गाठण्याआधीच मरतात.

“आमच्या आज्याच्या घरी पोपट होता. तेव्हा नाही कोणी विचारलं,” असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. तेव्हा कायदा नव्हता. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. आपल्या रानातला पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा आता गुन्हा आहे. २०२२ साली कायदा सुधारला आणि दंड वाढला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. घरी आधीच राघू असेल तर दार उघडून त्याला हुसकावू नका. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात बसलेल्याच्या पंखांत बळ नसते. कावळे त्याला टोचून मारतील. वनरक्षकाला कळवावे.

मग पक्षी पाळायचाच नाही का? पाळता येतो. शहरात पक्ष्यांच्या दुकानात कॉकाटील नावाचा पक्षी मिळतो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुव्याच्या कुळातला. अंगाने करडा, तोंड पिवळे, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर तुरा. लांबी शेपटीसकट एक फूट, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. त्याच्यासाठी आपली ढोली कोणी फोडत नाही.

पण घेण्याआधी विचार करा. नीट सांभाळला तर हा पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त जगतो. आज पहिलीत गेलेली पोर कॉलेजात जाईल तोवर याचे दाणापाणी करायचे आहे. राघूसारखा बोलेल ही आशाही धरू नका. नर शीळ छान घालतो, एखादी चाल उचलतो. मादी बहुधा गप्पच. मिरची खाऊ घातली म्हणून कोणताही पक्षी बोलत नाही. पक्ष्याला मिरची झोंबत नाही, एवढेच.

पिंजरा निदान दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच हवा. बसायला कडुनिंबाच्या जाड-बारीक फांद्या लावाव्या. खाली कागद अंथरावा, रोज बदलावा. पिंजरा चुलीजवळ टांगू नका. धुराने पक्षी माणसाच्या आधी मरतो. मांजर आणि साप पोहोचणार नाहीत अशी जागा पाहावी.

खायला राळा, बाजरी, ज्वारी. सोबत शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मक्याचे कोवळे दाणे. सूर्यफुलाचे बी थोडेच द्यावे, त्याने चरबी वाढते. चहा, मीठ, तळलेले काही नको. फवारणीची भाजी तर नकोच.

आता खरी गोष्ट. हा पक्षी तुऱ्याने बोलतो. तुम्ही अक्षरे वाचायला शिकलात, तसा तुरा वाचायला शिका. तुरा ताठ उभा, म्हणजे तो दचकला किंवा काही निरखतो आहे. तुरा जरा मागे कललेला, म्हणजे स्वस्थ आहे. तुरा डोक्याला चिकटलेला आणि तोंडाने फिस्स आवाज, म्हणजे राग. तेव्हा हात घालाल तर चावेल, आणि चूक तुमची. रात्री अंधारात एकाएकी फडफडला तर भ्याला आहे. बारीक दिवा ठेवावा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडून तो धापा टाकू लागला तर लगेच सावलीत न्या. ताजे पाणी ठेवा, भोवती ओले पोते टांगा. रानातला पक्षी झाडाआड जातो. हा कुठे जाईल?

आजार मात्र तो लपवतो. रानात दुबळा दिसला की ससाणा त्यालाच उचलतो, म्हणून सारे पक्षी बरे असल्याचे सोंग करतात. पिसे फुगवून, डोळे मिटून दिवसा खाली बसला, दाणा सोडला, तर दुखणे बरेच वाढलेले असते. उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या. पिंजऱ्यातला कागदही सोबत न्यावा. विष्ठा पाहून डॉक्टरांना बरेच कळते.