‘नंतर वाढवता येईल’ म्हणण्याआधी

दहावी-बारावीचे निकाल लागून कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले, की साताऱ्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आईवडील कोटेशनचे कागद घेऊन येतात. कागदावर दोन लॅपटॉप असतात. एकात ८ जीबी रॅम, दुसऱ्यात १६, आणि मध्ये काही हजारांचा फरक. कधी त्यात स्टोरेजचा तिसरा आकडाही असतो. ‘आत्ता कमीचा घेऊ, लागलं तर नंतर वाढवू’ असं ठरवूनच बहुतेक जण आलेले असतात. मी त्यांना आधी एवढंच विचारतो, की या मॉडेलमध्ये नंतर वाढवता येतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं आणि ते कुठे लिहिलेलं आहे?

हे विचारायची सवय मला एका लॅपटॉपने लावली. कराडची एक मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील एसटीत. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी तिला पातळ, हलका, दिसायला देखणा लॅपटॉप घेऊन दिला होता. रॅम ८ जीबी. ‘पुढे लागली तर रॅम टाकून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी रेव्हिट आलं, त्याच्या जोडीला स्केचअप, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप हँग होऊ लागला. फाइल सेव्ह करायला घेतली की मिनिट-मिनिट स्क्रीन गोठायची. रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनीच किमान १६ जीबी मेमरी मागते, पण हे त्या घरात कुणाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

मी मागचं झाकण उघडलं. मेमरीच्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या होत्या आणि रॅम टाकायला एकही स्लॉट नव्हता. वडील शेजारी उभे होते. ‘दुसरा स्लॉट बसवता नाही का येणार, दादा?’ त्यांनी विचारलं. नाही येत. चिप उतरवून मोठ्या चिप बसवणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत, पण त्या कामात बोर्डच गमावण्याची भीती असते, वॉरंटीही जाते. कर्जावर घेतलेल्या वस्तूवर असा प्रयोग करा, असं मी कुणाला सांगणार नाही. शेवटी तो लॅपटॉप तोट्यात विकून त्यांनी दुसरा घेतला. दोन वर्षांपूर्वी जो फरक वाचवला होता, त्याच्या कितीतरी पट पैसे गेले. त्या मुलीचं एक सत्रही असंच ओढाताणीत गेलं.

विकणाऱ्याचं ते वाक्य दहा वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं. तेव्हा झाकण काढलं की दोन स्लॉट दिसायचे, त्यात पट्टी बसवली की झालं. आज तसं गृहीत धरता येत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर५ किंवा एलपीडीडीआर५एक्स जातीची मेमरी वापरतात. ती वीज कमी खाते, वेगवान असते, आणि प्रोसेसरच्या अगदी जवळ सोल्डर करावी लागते. बॅटरी दिवसभर टिकते, त्यात तिचा वाटा आहे. त्यामुळे सोल्डरिंगला सरसकट फसवणूक म्हणणं मला पटत नाही. अ‍ॅपलने २०२०च्या एम१पासून मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये घातली. इंटेलने २०२४मध्ये कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तेच केलं. त्यात १६ किंवा ३२ जीबी एवढे दोनच पर्याय आहेत. अशा यंत्रात जेवढी मेमरी घ्याल, तेवढीच ते यंत्र जाईपर्यंत राहणार. पातळपणा आणि पुढे बदलता येण्याची सोय दोन्ही देणारी एलपीकॅम२ नावाची नवी पट्टी आली आहे, २०२४च्या थिंकपॅड पी१मध्ये ती दिसली, पण विद्यार्थ्यांच्या बजेटातल्या लॅपटॉपपर्यंत ती पोचलेली नाही.

तेव्हा कोटेशनवरच्या मेमरीपुढे काय लिहिलंय, ते अक्षर न् अक्षर वाचा. ‘एलपीडीडीआर’, ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ यांपैकी काही असेल, तर तेवढी मेमरी कायमची. ‘एसओ-डिम’ लिहिलं असेल, तर स्लॉट आहे. यांच्या मधला एक प्रकार आपल्याकडे पुष्कळ विकला जातो: ८ जीबी बोर्डवर सोल्डर केलेली आणि एक स्लॉट रिकामा. तो वाईट नाही, फक्त स्लॉट खरोखर आहे ना, हे पाहायचं. एकाच नावाच्या मालिकेत एका मॉडेलला स्लॉट असतो आणि दुसऱ्याला नसतो, त्यामुळे मालिकेच्या नावावर विसंबू नका. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या. लेनोव्होची पीएसरेफ नावाची माहितीपत्रकं, एचपीची मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड, डेलची ओनर्स मॅन्युअल, ही सगळी फुकट वाचायला मिळतात. त्यांत मेमरी किती, स्लॉट किती, कमाल किती चालते, हे स्पष्ट दिलेलं असतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला हे काम सांगा, अर्ध्या तासात होतं.

किती घ्यावी, याचं उत्तर माझ्यापेक्षा तुमचा सध्याचा लॅपटॉप चांगलं देईल. नेहमीचं सगळं काम उघडा, जसं ऐन घाईच्या दिवशी उघडता तसं. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर काढा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. वापर सत्तर-ऐंशी टक्के दिसला म्हणून घाबरू नका. विंडोज मोकळी मेमरी हाताशी लागणाऱ्या गोष्टींसाठी वापरतच असतं. ‘कमिटेड’ नावाचा आकडा बघा. सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी त्यात दिसते. ती बसवलेल्या रॅमपेक्षा रोजच बरीच वर जात असेल, तर यंत्र एसएसडीवर ढकलाढकल करून वेळ निभावतंय. रॅमला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात, एसएसडीला लागणारा मायक्रोसेकंदांत. ती मुलगी मिनिटभर गोठलेल्या पडद्यासमोर बसायची, ते याच फरकामुळे. मॅकवर हेच अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधल्या ‘मेमरी प्रेशर’च्या आलेखात कळतं: हिरवा असेल तर निवांत राहा, वारंवार पिवळा-लाल होत असेल तर पुढच्या वेळी जास्त घ्या.

आज नवीन लॅपटॉप घेणाऱ्याला मी १६ जीबीच्या खाली जाऊ देत नाही, मग तो फक्त वर्ड आणि ऑनलाइन वर्गांसाठी का असेना. विंडोज ११ची कागदावरची किमान गरज ४ जीबी आहे, पण ती यंत्र सुरू होण्यापुरती. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या कोपायलट प्लस पीसींसाठी १६ जीबीची अट घातली. आपली ८ जीबी इतरांच्या १६ जीबीच्या तोडीची आहे, असं अ‍ॅपलचे अधिकारी २०२३मध्ये सांगत होते; ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच कंपनीने मॅकबुक एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली आणि किंमत वाढवली नाही. त्यातच प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच मेमरीतून आपला वाटा उचलतं. म्हणून ८ जीबीच्या लॅपटॉपवर ‘वापरण्याजोगी’ मेमरी कधी साडेसात, कधी सहाच्याही खाली दिसते. आर्किटेक्चर, व्हिडिओ एडिटिंग, किंवा एकावर एक व्हर्च्युअल मशीन चालवावी लागणारं इंजिनीअरिंगचं शिक्षण असेल आणि मेमरी सोल्डर केलेली असेल, तर ३२ जीबी परवडते का ते पाहा. याच्या उलटंही सांगतो. टॅली, एक्सेल आणि जीएसटीची विवरणपत्रं एवढंच काम असलेल्या कर सल्लागारांना ३२ जीबीची काहीच गरज नाही. ते पैसे चांगल्या कीबोर्डवर आणि मोठ्या मॉनिटरवर घाला, डोळे आणि पाठ दुवा देतील.

स्लॉट असेल, तर मीसुद्धा पूर्वी ‘आत्ता कमी घ्या, वर्षभराने स्वस्तात पट्टी टाकू’ असंच सांगायचो. रॅमचे भाव उतरतच जायचे, लॅमिंग्टन रोडवरून मागवलेली पट्टी कंपनीच्या दरापेक्षा निम्म्यात पडायची. २०२५च्या उत्तरार्धात हे गणित उलटलं. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली, की सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे तीन मोठे उत्पादक तिकडे वळले आणि सुट्या पट्ट्यांचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशल’ हा सुट्या ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं ज्या पट्ट्या सर्वांत जास्त गेल्या, त्यांपैकी तो एक. त्यामुळे आता मी कंपनीने लावलेला दर आणि त्याच दिवशीचा सुट्या पट्टीचा बाजारभाव शेजारी लिहून बघायला सांगतो. कंपनीची वाढीव मेमरी पूर्वी महागच असायची. आता काही वेळा तीच स्वस्त निघते. भाव पुढे उतरतील या भरवशावर पहिली दोन वर्षं कुचंबत काढणं मला बरोबर वाटत नाही.

स्टोरेजबद्दल मी इतका हटून बसत नाही. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये एम.२ प्रकारची एनव्हीएमई एसएसडी असते आणि ती स्क्रू काढून बदलता येते. फक्त लांबी बघावी लागते, २२८०, २२४२ की २२३०. चुकीची आणली तर बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये दुसरा स्लॉटही असतो. अशा ठिकाणी ५१२ जीबीवर समाधान मानून उरलेले पैसे मेमरीत घाला. २५६ जीबी मात्र मी टाळायला सांगतो. कंपनी १०० कोटी बाइटांना १ जीबी म्हणते, विंडोज त्यासाठी १०७ कोटींहून जास्त बाइट मोजतं, म्हणून २५६चे पडद्यावर २३८ दिसतात आणि ५१२चे ४७६. त्यातून विंडोज, त्याचे अपडेट, ऑफिस आणि मोबाइलमधून ओतलेले फोटो गेले की २५६मध्ये श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि भरत आलेली एसएसडी मंदावते. लहान क्षमतेत कधी वेगही कमी असतो: २०२२च्या एम२ मॅकबुक एअरमध्ये २५६ जीबीसाठी एकच चिप होती आणि तिचा वाचनाचा वेग आधीच्या एम१ एअरच्या जवळपास निम्मा भरला. स्वस्तातल्या लॅपटॉपवर ‘ईएमएमसी’ लिहिलेलं दिसलं, तर ते सोडूनच द्या. ते बोर्डवरच असतं आणि एसएसडीच्या मानाने फारच हळू.

मॅकचं गणित निराळं. मार्च २०२५मध्ये आलेला एम४ मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांपासून होता. २५६ऐवजी ५१२ जीबी हवी, तर १,१९,९००. म्हणजे २५६ जीबीला वीस हजार. त्या सुमारास १ टीबीची बाहेरून जोडायची एसएसडी त्याच्या निम्म्याहून कमीत मिळत होती. फोटो, चित्रपट, जुने प्रोजेक्ट असल्या गोष्टी बाहेरच्या डिस्कवर मजेत राहतात, त्यासाठी वीस हजार देऊ नयेत. वर्गात किंवा साइटवर काम करताना लोंबती डिस्क सांभाळणं शक्य नसेल, तेव्हाच ते द्यावेत.

आणि आता ज्यासाठी मी सगळ्यात जास्त जीव तोडून बोलतो, ते. लग्नसमारंभांचे फोटो काढणाऱ्या एका तरुणाने मोठ्या हौसेने २ टीबी स्टोरेजचा लॅपटॉप घेतला होता. सगळी कामं त्यातच. बाहेर प्रत एकही नाही, कारण ‘आत भरपूर जागा आहे’. एका हॉलमध्ये कीबोर्डवर चहा सांडला. स्टोरेज सोल्डर केलेलं, त्यातला मजकूर एन्क्रिप्ट केलेला, आणि त्याची किल्ली प्रोसेसरमध्ये. अशा यंत्रातून डिस्क काढून दुसरीकडे लावता येत नाही. बोर्ड जिवंत झाला तरच आतलं परत मिळतं. तो जिवंत झाला नाही. दोन घरांच्या लग्नाचे फोटो गेले, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत. त्याला वाढीव स्टोरेजसाठी मोजलेल्या पैशांत बाहेरच्या दोन डिस्क आल्या असत्या, एक घरी ठेवायला, एक स्टुडिओत. स्टोरेज वाढवायचा विचार करताना बॅकअपची डिस्क आधी हिशेबात धरा. ती धरून जे उरेल, त्यातून आतली जागा वाढवा.

पुढे कधी एसएसडी बदलायला आलात, तर येण्याआधी एक काम घरी करा. विंडोज ११मध्ये बऱ्याच लॅपटॉपची डिस्क तुमच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असते. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून ठेवा, पासवर्ड आठवतोय का तेही बघा. ऐन वेळी खातं कुठल्या मोबाइल नंबरवर उघडलं होतं हेच आठवत नसलेली माणसं माझ्यासमोर घामाघूम झालेली मी पाहिली आहेत.

दुकानात लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी, जो नग घरी न्यायचा आहे तोच सुरू करून मागा. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ अशा ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल, तर मेमरी बोर्डवरची. या पानावर संपूर्ण भिस्त ठेवू नका, मॉडेल क्रमांकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. ऑनलाइन घेतलात, तर खोकं आल्या दिवशी हेच करा, परत करायची मुदत संपण्याआधी. आणि विकणारा ‘नंतर वाढवता येईल’ म्हणाला, तर त्याला कोटेशनवरच लिहायला सांगा: बोर्डवर किती जीबी, रिकामे स्लॉट किती, कमाल किती जीबी चालते, आणि स्लॉट वापरला तर वॉरंटी राहते का. खाली सही आणि शिक्का. ज्याला माहीत आहे तो हे दोन मिनिटांत लिहून देतो.