भिषग्बुभूषूची परीक्षा : व्यवसायनिवड आणि कार्यानुभव

आयुर्वेदाचार्य (बी.ए.एम.एस.) अभ्यासक्रमाची साडेचार वर्षे पूर्ण करून विद्यार्थी एक वर्षाच्या आंतरवासितेत प्रवेश करतो, तेव्हा ‘पुढे काय?’ हा प्रश्न त्याच्यापुढे उघडपणे उभा राहतो. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, स्वतंत्र दवाखाना, आधुनिक रुग्णालयातील रात्रपाळी, शासकीय सेवा असे अनेक मार्ग दिसतात आणि बहुधा सहाध्यायी जो मार्ग धरतात तोच धरला जातो. काही विद्यार्थी तर वैद्यकाच्या अन्य शाखेत प्रवेश न मिळाल्याने येथे आलेले असतात. आयुर्वेद आपला की नाही, याचाच निर्णय त्यांच्या मनात झालेला नसतो. अशा विद्यार्थ्यास वैद्यवर्गाने कसे साहाय्य करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

शास्त्रातील आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायाचा आरंभच या प्रश्नाने होतो. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने कार्याचे गुरुलाघव, कर्मफल, अनुबंध, देश व काल जाणून प्रथम शास्त्राची आणि त्यानंतर आचार्याची परीक्षा करावी, असा क्रम तेथे सांगितला आहे. याचा अर्थ असा की, निवड हा परीक्षेचा विषय आहे. तो योगायोगावर सोडावयाचा नाही. त्याच अध्यायात पुढे दशविध परीक्ष्य भाव येतात. ते प्रथम कोणत्याही कार्यासाठी सामान्यपणे सांगून मग चिकित्सेस लावले आहेत. म्हणून व्यवसायनिवडीसही ते लावणे अनुचित होणार नाही.

दशविध परीक्षा

१. कारण, म्हणजे कर्ता : विद्यार्थी स्वतः. त्याची प्रकृती, सत्त्व, बल. रुग्णाशी तासभर बोलण्यात त्याचे मन रमते की ग्रंथात?
२. करण, म्हणजे साधने : ज्ञान, हस्तकौशल्य, भाषा, भांडवल.
३. कार्ययोनि : ज्यातून कार्य उत्पन्न होते ते. येथे समाजाची गरज.
४. कार्य : रोजचे प्रत्यक्ष काम. पंचकर्माचे आकर्षण अनेकांना असते. परंतु पहाटे येऊन वमनाचे वेग मोजणे आणि संसर्जनक्रम पाळला जातो की नाही हे पाहणे, हे त्याचे नित्याचे रूप आहे.
५. कार्यफल : उपजीविका आणि समाधान, दोन्ही.
६. अनुबंध : कार्याचा कर्त्यावर मागाहून होणारा परिणाम. रात्रपाळीचे वेतन तत्काळ हाती येते. पण दहा वर्षे नाडी, जिव्हा, मल यांची परीक्षाच केली नाही, तर ते कौशल्य क्षीण होते.
७–८. देश व काल : गाव की शहर, घरची जबाबदारी, शिक्षणाचे कर्ज.
९. प्रवृत्ति : आज उचलता येईल असे पहिले पाऊल.
१०. उपाय : वरील सर्वांची परस्परांशी योग्य जुळणी.

यांतील पहिले तीन भाव विद्यार्थ्याला आत्मपरीक्षणाने व चौकशीने काही अंशी कळतात. कार्य आणि अनुबंध मात्र प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाहीत. येथेच कार्यानुभवाचे महत्त्व आहे.

कार्यानुभवाची योजना

सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा अभ्यास आधी भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करण्यास सांगितले आणि त्यानंतरच्याच अध्यायात वैद्याच्या व्यवसायप्रवेशाचे वर्णन केले. हा क्रम अर्थपूर्ण आहे. केवळ शास्त्र किंवा केवळ कर्म जाणणारा वैद्य त्यांनी एका पंखाच्या पक्ष्यासारखा मानला आहे.

आंतरवासितेचे नियम न मोडता, सुट्ट्यांच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्यास किमान तीन भिन्न स्थळी दोन-दोन आठवडे राहता यावे, असे आम्ही सुचवितो. एक, अनुभवी वैद्यांचा दवाखाना. दोन, औषधनिर्माणशाळा, २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून तेथे द्रव्यपरीक्षा व नोंदी यांचे महत्त्व वाढले आहे. तीन, ग्रामीण आरोग्यसेवा. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेद पदवीधरही काम करीत आहेत. संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ मध्ये ‘स्पार्क’ ही विद्यार्थिवृत्ती सुरू केली. पदवीनंतर गुरुसान्निध्य हवे असल्यास दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाची गुरुशिष्यपरंपरा आहे.

विद्यार्थ्याने रोज रात्री तीनच गोष्टी लिहाव्यात : आज कोणत्या कामात वेळेचे भान राहिले नाही? कोणते काम टाळावेसे वाटले? कोणाच्या उपयोगी पडलो? सहा आठवड्यांची ही वही म्हणजे त्याचे स्वतःचे रुग्णपत्रकच होय. तीत लक्षणे पुनःपुन्हा दिसू लागली की निदान फार दूर राहत नाही.

वैद्यांचे कर्तव्य

येणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ पुड्या बांधावयास किंवा नावनोंदणीस बसवू नये. त्याने रुग्णाचा इतिहास घ्यावा, आपले निदान मांडावे आणि वैद्यांनी त्याचे कारण विचारावे. अनुभवाशिवाय अनुभवाचे प्रमाणपत्र देऊ नये. जमाखर्चही मोकळेपणाने सांगावा. पहिल्या वर्षी दवाखान्यात किती रुग्ण येत होते, भाडे कसे भागले, हे तरुणांना कोणतेही पुस्तक सांगत नाही. मात्र निर्णय आपण देऊ नये. एकाचे पथ्य दुसऱ्याचे अपथ्य ठरते, हे आपण रुग्णांना नित्य सांगतो. शिष्यांच्या बाबतीतही ते विसरून चालणार नाही.

सहा आठवड्यांनंतर एखाद्याने चिकित्साव्यवसाय नको, अध्यापन किंवा वनस्पतिक्षेत्र हवे, असे म्हटले तर तेही परीक्षेचे यशच समजावे. अनिच्छेने रुग्णासमोर बसलेला वैद्य रुग्णाचे आणि शास्त्राचे, दोघांचेही अहित करतो. सभासद वैद्यांनी येत्या सुट्टीत आपल्या दवाखान्यात एका तरी विद्यार्थ्यासाठी खुर्ची ठेवावी आणि तसे जवळच्या महाविद्यालयास कळवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.