पहिल्या रिमांडआधी

सातारा

चि. सायलीस,


तुझं पत्र पोचलं. तुझ्या सीनियर वकील सरांनी पहिलंच रिमांडचं काम दिलं आणि ते नेमकं अशा मुलाचं, ज्याने तुला आदरणीय वाटणाऱ्या नेत्याबद्दल घाणेरड्या शब्दांत पोस्ट टाकली. ‘अशा माणसासाठी मी का उभी राहू?’ असं तू विचारलंस. उभी राहा, आणि मन लावून उभी राहा. ज्याचं बोलणं आपल्याला आवडतं त्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ मिळतात. याच्या बाजूने आज कदाचित तू एकटीच असशील.

पालघरची गोष्ट तुला कायद्याच्या पुस्तकातून माहीत असेल, मला ती त्या दिवसांतली आठवते. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, सगळं बंद होतं. एका तरुण मुलीने फेसबुकवर त्या बंदविषयी दोन-चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या नुसत्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. त्या ओळी आज वाचल्या तर त्यांत एकही शिवी सापडत नाही. पण त्या वेळी आपल्याच घरात, शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून, ‘दुःखाच्या दिवशी गप्प बसायला काय झालं होतं त्यांना?’ असं मी ऐकलं आहे. श्रेया सिंघल तेव्हा तुझ्याच वयाची होती. या अटकेमुळे ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं यांतला फरक त्या निकालात स्वच्छ सांगितला आहे. तुझ्या अशिलाची पोस्ट त्या फरकापुढे धरून बघ. ती ओंगळ आहे, हे कबूल. पण तिने कुणाला कुणाच्या अंगावर जायला सांगितलं आहे का, एवढंच कोर्टाने बघायचं आहे.

आता कामाचं. रिमांडला पोस्टच्या गुणदोषांवर वेळ घालवू नकोस. मुलाला आणि त्याच्या आईला वेगवेगळं विचार: पोलिसांनी उचललं किती वाजता? अटकेच्या कागदावर संध्याकाळची वेळ असते आणि माणूस सकाळपासून ठाण्यात बाकड्यावर बसलेला असतो. ‘चौकशीला बोलावलं होतं’ असं उत्तर मिळतं. घटनेच्या कलम २२ मधले चोवीस तास कागदावरच्या वेळेपासून मोजायचे की तो ठाण्यातून उठून जाऊ शकत नव्हता तेव्हापासून, हा मुद्दा तिथे लढवायचा असतो. स्टेशन डायरीतली नोंद माग. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याचा आदेश द्यावा, असा अर्ज त्याच दिवशी दे. नंतर ते मिळत नाही.

लावलेली कलमं तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहेत, असं तू लिहिलंस. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, हजर राहण्याची नोटीस देऊन का भागलं नाही? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच सांगितलेलं आहे. अटकेची कारणं लेखी दिली का, आणि त्याला कळेल अशा भाषेत दिली का, हेही बघ. मिहिर शाह प्रकरणाचा नोव्हेंबर २०२५ चा निकाल सोबत ने. तो आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रकरणातला आहे.

आणि एक क्षण हातचा जाऊ देऊ नकोस. मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ मुलगा ‘नाही साहेब’ म्हणतो. मी वकिली करत होते तेवढी सगळी वर्षं हेच उत्तर ऐकत आले. कारण ज्याने मारलं असेल, तोच हाताला धरून शेजारी उभा असतो आणि पोलिस कोठडी (पीसीआर) मिळाली तर रात्री पुन्हा त्याच्याच ताब्यात जायचं असतं. म्हणून पुकारा होण्याआधी व्हरांड्यात त्याच्याशी बोल, अंगावर काही खुणा आहेत का ते विचार, आणि प्रश्न आला की पोलिसांना जरा दूर उभं करावं, अशी विनंती कर. आवाज चढवायची गरज नाही. विनंती केल्याची नोंद मात्र झाली पाहिजे.

तुझ्या बाबांना वाटतं, या वयात असल्या कामात पडू नये, नाव खराब होतं. त्यांची काळजी मला कळते. पण माझ्या पिढीने आणीबाणी बघितली आहे. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही कोर्टात दाद मागता येणार नाही. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने दिलेलं मत असं पुसलं गेलं. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि त्यापायी त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. त्यांचं ते मत चुकीचं होतं, असं त्यांच्याच मुलाने २०१७ मध्ये निकालपत्रात लिहिलं. चाळीस वर्षं लागली ती चूक मान्य व्हायला, आणि त्या दिवसांत तुरुंगात गेलेल्यांपैकी कितीतरी जण ते वाचायला उरले नव्हते. म्हणून मी म्हणते, जे मागायचं ते त्याच दिवशी, त्याच कोर्टात माग.

तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांच्या आधार कार्डाचा फोटो काढतात, असं तू लिहिलंस. नकार दे. नाव, फ्लॅट नंबर आणि सही एवढं रखवालदाराला पुरतं. तो बिचारा सांगितलेलं करतो, त्याच्याशी भांडू नकोस. कमिटीला चार ओळींचं पत्र दे आणि पोच घे.

अर्जाचा मसुदा रात्रीच मला पाठव, मी जागी आहे. मुलाच्या आईकडून फी किती घ्यायची ते सरांना ठरवू दे, पण तिला आदेशाची प्रत तू स्वतः मराठीत वाचून दाखव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या