मोनपांचा सालीचा कागद

अरुणाचल प्रदेशातील तवांग भागात राहणारे मोनपा लोक ‘शुगु शेंग’ नावाच्या झुडपापासून कागद तयार करतात. या झुडपाच्या आतल्या सालीत लांब व चिवट तंतू असतात आणि कागदाचे सारे बळ या तंतूंतच असते.

प्रथम फांद्यांची साल सोलून तिचा बाहेरचा काळपट थर खरवडून काढतात. उरलेली पांढरी अंतरसाल राख मिसळलेल्या पाण्यात शिजवितात. राखेतील क्षारामुळे तंतूंना परस्परांशी जखडून ठेवणारी द्रव्ये विरघळतात. मग ही साल लाकडी मोगरीने कुटली, की तिचा लगदा होतो. कापड ताणून बसविलेली चौकट पाण्यावर ठेवून तीत लगदा ओततात व हाताने सारखा पसरतात. चौकट उचलताच पाणी निथळते. तंतू मात्र एकमेकांत गुंतून कापडावर राहतात. उन्हात वाळता वाळता ते परस्परांना घट्ट बिलगतात. एका चौकटीवर एका वेळी एकच ताव वाळतो. म्हणून कामाचा वेग चौकटींच्या संख्येवर आणि उन्हावर अवलंबून असतो.

याच कागदावर बौद्ध मठांतील पोथ्या लिहिल्या गेल्या. पुढे ही कला लोप पावण्याच्या बेतात आली. २०२० मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने तवांग येथे कागदनिर्मितीचे केंद्र सुरू केले. झुडूप समूळ न उपटता केवळ वरच्या फांद्या तोडल्या, तर बुंध्यातून नवे कोंब फुटतात. तेव्हा मागणी वाढल्यावर ही कला टिकेल की नाही, हे अखेर साल काढणाऱ्याच्या कोयत्यावरच ठरणार आहे.