बरणीतले पिवळे दाणे : माशीची डाळ आणि आपला चमचा

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. मध घेताना दुकानदाराने पिवळ्या-तपकिरी दाण्यांची एक बरणी दाखवली. म्हणाला, "हे मधमाशीचे परागकण. रोज एक चमचा खा. मांसापेक्षा पाचपट प्रथिने, सगळी जीवनसत्त्वे, हे पूर्णान्न आहे." बरणी घेतली खरी, पण सासूबाई म्हणतात, ही माशीची घाण, घरात नको. मुलगी तिसरीत आहे, अंगाने बारीक आहे, तिला द्यावे असे मला वाटते. यजमानांना पाऊस सरला की शिंका सुरू होतात. पराग खाल्ल्याने तो त्रासही जातो म्हणे. खरे काय मानायचे?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती सुटली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

घराजवळ फुललेला शेवगा असेल तर उद्या सकाळी त्याच्यापाशी पाच मिनिटे उभ्या राहा. फुलात लोळणाऱ्या माशीच्या अंगावरच्या केसांना पिवळी पूड चिकटते. ती पूड म्हणजे फुलाचा पराग. माशी पायांनी अंग विंचरावे तशी ती पूड गोळा करते, तोंडातल्या मधाने किंवा फुलाच्या रसाने किंचित ओली करते आणि मागच्या दोन्ही पायांवरच्या खोलगट जागेत दाबून बसवते. पोळ्याकडे परतणाऱ्या माशीच्या पायांना मोहरीएवढे गोळे दिसतात, तेच तुमच्या बरणीतले दाणे. मधपेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी लावली की आत शिरताना माशीच्या पायांवरचे हे गोळे निसटतात आणि खालच्या खणात पडतात. पुढे ते वाळवून विकतात. तेव्हा सासूबाईंना सांगा, ही घाण नाही. माशीने पिलांसाठी आणलेला शिधा आहे.

पिलांसाठी असे म्हणण्याला कारण आहे. पोळ्यात दोन प्रकारचे अन्न साठवलेले असते. मध म्हणजे प्रामुख्याने साखर, त्यात प्रथिने जवळपास नाहीतच. उडायला, पोळे उबदार ठेवायला ती साखर पुरते, पण नवी माशी घडवायला पुरत नाही. अंग घडवायला प्रथिने, स्निग्ध पदार्थ, खनिजे लागतात आणि ती परागातून येतात. मध ही माशीची भाकरी मानली, तर पराग ही तिची डाळ. महाबळेश्वरच्या मधपाळांना हे पावसाळ्यात दिसते. तिकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्या दिवसांत माश्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून मधपाळ पेटीत साखरेचा पाक ठेवतात. पाकावर माश्या तग धरतात, पण पराग येत नाही तोवर पिलावा वाढत नाही. पाऊस उघडला आणि पराग येऊ लागला की पेटी पुन्हा भरू लागते.

आता दुकानदाराच्या पाचपटीकडे वळू. वाळलेल्या परागात साधारणपणे शंभराला वीस ते पंचवीस भाग प्रथिने असतात. फुलानुसार हा आकडा दहापर्यंत उतरतो, कधी पस्तीसच्याही वर जातो. सूर्यफुलाचा पराग रंगाने झकास, पण प्रथिनांत बेताचा. मक्याचा परागही एकटा माशीला फारसा मानवत नाही. म्हणून माशी जमेल तितक्या वेगवेगळ्या फुलांवर जाते. त्यामुळे बरणीवर छापलेल्या एकाच आकड्यावर फार विसंबू नका. जतच्या सूर्यफुलाची बरणी आणि डोंगरातल्या मिश्र फुलांची बरणी यांचा कस सारखा नसतो. बाकी परागात साखर भरपूर असते, थोडे स्निग्ध पदार्थ, 'ब' गटातली बरीच जीवनसत्त्वे, पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त, लोह आणि फुलांचे रंगद्रव्यही असते. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्ले त्यात सापडतात. म्हणजे अन्न म्हणून पराग खरोखर उत्तम आहे, त्याला कमी लेखायचे कारण नाही. मात्र आपल्या तुरीच्या कोरड्या डाळीतही शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मांसाचे प्रमाणही साधारण तेवढेच. पाचपट कुठून आले हे दुकानदारालाच ठाऊक.

खरी मेख चमच्यात आहे. लहान चमचाभर पराग म्हणजे साधारण पाच ग्रॅम, त्यातून मिळणार एक ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांतही तेवढीच. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात, त्या हिशेबात हा चमचा कुठल्या कुठे हरवतो. उलट माशीच्या बाजूने मोजा. एक गोळा सात-आठ मिलिग्रॅमचा धरला तर चमच्यात सहाशेहून अधिक गोळे बसतात. एका फेरीत माशी दोन गोळे आणते. म्हणजे तुमच्या एका चमच्यामागे तीनशेहून अधिक फेऱ्या आहेत. हा हिशेब पहिल्यांदा मांडला, तेव्हापासून परागाची बरणी माझ्या हातात जरा जपूनच उचलली जाते.

पोटात गेलेला पराग सगळा पचतो असेही नाही. प्रत्येक परागकणाभोवती एक विलक्षण चिवट कवच असते. तळ्यांच्या गाळात हजारो वर्षे गाडलेले परागकण त्यामुळेच आजही ओळखता येतात. मधाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो जांभळाचा, हिरड्याचा की गेळ्याचा हे तज्ज्ञ सांगतात, तेही त्यातल्या परागकणांच्या कवचावरून. आपल्या जठरातले आम्ल हे कवच विरघळवू शकत नाही. कवचाला नैसर्गिक छिद्रे असतात, त्यांतून पाचकरस आत जातो आणि काही भाग मिळतो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. माशी तरी पराग कोरडा कुठे खाते? पोळ्याच्या घरात ती तो दाबून भरते, वर मधाचा थर देते, तो किंचित आंबतो आणि मुरतो. आपण तो रात्री पाण्यात किंवा दह्यात भिजत घातला, किंवा कुटून घेतला, तर कोरड्या दाण्यापेक्षा थोडा बरा पचतो. उकळत्या दुधात मात्र टाकू नका, नाजूक जीवनसत्त्वे उष्णतेने जातात.

औषधी गुणांबद्दल खूप बोलले जाते. परागातल्या रंगद्रव्यांचा दाह कमी करणारा गुण प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसला आहे. पण उंदराच्या वजनाला दिलेली मात्रा आणि आपला चमचा यांत फार अंतर असते, आणि माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. १९८२ साली ब्रिटनमध्ये पोहण्याचा सराव करणाऱ्या मुलांच्या एका छोट्या गटाला पराग-अर्काच्या गोळ्या देऊन पाहिल्या. त्यांची दमदारी इतरांपेक्षा वाढली नाही. सर्दी-खोकल्याने बुडालेले सरावाचे दिवस मात्र त्या गोळ्या घेणाऱ्यांत कमी भरले. एवढ्या छोट्या गटावरून निष्कर्ष काढता येत नाही, पुढे तपासण्याजोगी गोष्ट म्हणून ती बाजूला ठेवावी. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. प्रोस्टेटच्या तक्रारींवर परागाचा उपयोग होतो असे सांगितले जाते, पण ते प्रयोग मुख्यतः राय नावाच्या धान्याच्या, यंत्राने गोळा केलेल्या परागाच्या अर्कावर झालेले आहेत. त्यांचे श्रेय मधमाशीच्या बरणीला देता येत नाही.

आता यजमानांच्या शिंका. इथे मला थोडे ठामपणे बोलावे लागेल. थोडा पराग खाल्ला की शरीराला सवय होते आणि ॲलर्जी जाते, हे ऐकायला पटते. डॉक्टर ॲलर्जीवर अशा धर्तीचा उपचार करतातही. पण त्यात नेमका कोणता पराग त्रास देतो हे आधी शोधतात, मग त्याची मोजलेली सूक्ष्म मात्रा देखरेखीखाली देतात. बरणीत कोणता पराग किती आहे, हे कोणालाच माहीत नसते. शिवाय नाकाला त्रास देतो तो बहुधा हवेत उडणारा गवतांचा बारीक, कोरडा पराग. माशी आणते तो जास्त करून फुलांचा जड, चिकट पराग. दोन्हींचे गोत्र वेगळे. आणि जिथे गोत्र जुळते तिथे धोका उलट वाढतो. पाऊस सरताना सातारा-सांगलीच्या बांधांवर माजणारे गाजर गवत आणि सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सगळी एकाच कुळातली. गाजर गवताने ज्याला शिंका येतात किंवा अंगाला खाज सुटते, त्याला सूर्यफुलाच्या परागानेही त्रास होऊ शकतो. पराग खाल्ल्यावर ओठ सुजणे, घसा खाजणे, अंगावर गांधी उठणे, क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतणे, असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत. त्यामुळे यजमानांनी ही बरणी उघडूच नये. दमा असलेल्यांनीही तिच्यापासून दूर राहावे.

मुलीबद्दल सांगायचे तर, तिला परागाची गरज नाही. अंगाने बारीक असणे हा आजार नव्हे. वजन खरोखर वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. भाकरीबरोबर डाळ-उसळ, शेंगदाण्याचा लाडू, अंडे चालत असेल तर अंडे, एवढ्याने तिला चमचाभर परागाच्या कितीतरी पट मिळेल. तरीही चव दाखवायची असेल आणि तिला कसलीही ॲलर्जी नसेल, तर पहिल्या दिवशी दोन-तीन दाणेच द्या आणि दिवसभर लक्ष ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, तसाच परागही देऊ नये. गरोदर बायकांसाठी तो सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून त्यांनी टाळावा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेह असेल तर त्यातली साखर विसरू नका.

बरणी कुठून आली, हेही विचारायला हवे होते. महाबळेश्वर म्हटले की आपल्याला सातेरी ही देशी माशी आठवते. १९४६ पासून तिथे मधमाशीपालनाचे सरकारी काम चालू आहे, आज ते मध संचालनालय म्हणून ओळखले जाते. शेजारचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पण दुकानात मिळणारा पराग बहुधा सातेरीचा नसतो. सातेरीची वसाहत लहान असते आणि अन्न तुटले की ती पेटी सोडून निघून जाते. दाराशी जाळी लावून तिचा पराग काढून घेणे म्हणजे तिला घालवून देणेच. विक्रीचा पराग बहुतेक मेलिफेरा या मोठ्या, परदेशातून आणलेल्या माशीच्या पेट्यांतला असतो, आणि त्या पेट्या पिकांमागे गावोगाव फिरतात. पेट्या शेतांजवळ असल्या की फवारणीचा प्रश्न येतो. तासगावची द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे वारंवार फवारावी लागतात. फवारणीचे अंश मधापेक्षा परागात जास्त सापडतात, कारण पराग फुलात उघडाच असतो आणि त्यातला तेलकटपणा ते धरून ठेवतो. उसाचा पट्टाही माशीला परागाच्या दृष्टीने उपाशीच ठेवतो. रसवंतीवर घोंगावणाऱ्या माश्या साखरेसाठी आलेल्या असतात, पिलांची डाळ त्यांना तिथे मिळत नाही. म्हणून पेट्या कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात होत्या, हे मधपाळाला सरळ विचारा. प्रामाणिक मधपाळ ते आनंदाने सांगतो. माझे वैयक्तिक मत विचाराल तर मध घ्यावा आणि पराग माश्यांकडेच राहू द्यावा. त्या फेऱ्यांमधूनच आपल्या डाळिंबाची, सूर्यफुलाची, कांद्याच्या बियाण्याची फळधारणा होते, आणि तो लाभ आपल्या ताटात चमच्याहून मोठा येतो.

घेतलेल्या बरणीचे आता काय करायचे? दाणे बोटांत दाबून पाहा. नीट वाळलेला दाणा कडक असतो आणि सुटा राहतो. दाणे मऊ असतील, एकमेकांना चिकटत असतील किंवा कुबट वास येत असेल, तर बुरशी धरलेली असू शकते. अशी बरणी मुलीपासून लांब ठेवा आणि टाकून द्या. चांगले असतील तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा, ओला चमचा घालू नका आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. चव किंचित गोड, मागून तुरट-कडू लागते. सासूबाईंना कसलीही ॲलर्जी नसेल, तर दोन दाणे दह्यात भिजवून त्यांच्यापुढे ठेवून पाहा.