पीपीएल: नोकरीच्या अलीकडचा परवाना

‘पायलट व्हायचंय’ असं मुलानं किंवा मुलीनं म्हटलं, की घरात चर्चा सुरू होते ती खर्चाची आणि एअरलाइनच्या नोकरीची. त्याच्या अलीकडे असलेल्या प्रायव्हेट पायलट लायसन्सची, म्हणजे पीपीएलची, चौकशी फार थोडे जण करतात. या परवान्यावर स्वतः विमान उडवता येतं, घरच्यांना सोबत नेता येतं, पण त्याचे पैसे घेता येत नाहीत. तेव्हा यातून नोकरी मिळेल ही अपेक्षा पालकांनी ठेवू नये. जे. आर. डी. टाटांना १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो उडण्याच्या ओढीपोटी. त्यांची कराची ते मुंबई हवाई टपालसेवा त्यानंतर, १९३२ मध्ये सुरू झाली.

अटी आवाक्यातल्या आहेत. दहावी उत्तीर्ण असावं लागतं. सोळाव्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना काढता येतो, पीपीएल सतराव्या वर्षी. वैद्यकीय तपासणी ‘क्लास टू’ची, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडून. फी भरण्याआधी ही तपासणी करून घ्याच. चष्म्याला लोक उगाच घाबरतात. चष्म्यानं नजर नीट होत असेल तर सहसा अडचण येत नाही. रंग ओळखण्यातला दोष मात्र खरा अडथळा ठरू शकतो, आणि तो घरात कुणाच्या लक्षातही आलेला नसतो. पुढे एअरलाइनमध्ये जायचं मनात असेल, तर अधिक कडक असलेल्या ‘क्लास वन’चे निकष आजच डॉक्टरांना विचारा.

हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामान, विमान आणि इंजिन या विषयांची परीक्षा असते. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. उड्डाण किमान ४० तासांचं. त्यातले २० तास एकट्यानं, आणि त्या एकट्याच्या तासांत किमान ५ तास दूरच्या प्रवासाचे. त्यातला एक प्रवास १५० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला.

खरी कसोटी पहिल्या सोलोआधी, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाआधी लागते. धावपट्टीभोवती सर्किट मारायचं, उतरायचं, पुन्हा उडायचं, हेच कित्येक दिवस चालतं. कुणाला वाऱ्याचा अंदाज लवकर येतो, कुणाला लँडिंगला जमिनीची उंची जोखायला वेळ लागतो. मग एखाद्या दिवशी इन्स्ट्रक्टर उतरतो आणि सांगतो, आता एकटा जा. तो दिवस इन्स्ट्रक्टरलाच ठरवू द्या. ‘बरोबरच्यांचा सोलो झाला, तुझा का नाही?’ हा घरातून येणारा प्रश्न मला धोकादायक वाटतो. ढग खाली आले तर परत फिरायचं, वारा आडवा असेल तर आज उडायचंच नाही, असे निर्णय या मुलांनी कुणाच्याही दडपणाशिवाय घ्यायला शिकायचं असतं. घाईची सवय घरातूनच लागली, तर ती कॉकपिटमध्येही सोबत जाते.

खर्च काही लाखांत जातो, पण व्यावसायिक परवान्यापेक्षा बराच कमी. त्या परवान्याला लागणाऱ्या २०० तासांत पीपीएलचे तास धरले जातात. मुदतीच्या अटी तेवढ्या आधी तपासा. म्हणून मोठं कर्ज काढण्यापूर्वी मुलाची आवड पारखायला ही वाट मला चांगली वाटते.

राज्यात बारामती, धुळे, गोंदिया इथे उड्डाणाचं प्रशिक्षण चालतं. पावसाळ्यात खालच्या ढगांमुळे तास रखडतात, हे धरूनच वेळापत्रक आखा. संस्थेत गेलात की आज प्रत्यक्ष उडणारी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती, आणि मध्येच सोडलं तर पैसे किती परत मिळतात, हे विचारा. उत्तर लेखी घ्या, आणि सगळी फी एकरकमी भरू नका.